आहारविकार आणि शरीरातील चरबीचे मापन : सीमाभागातील महाविद्यालयीन शिक्षकांसाठी एक विवेचन

प्रस्तावना

बेळगाव-निपाणी सीमाभागातील अनेक महाविद्यालयांत आरोग्य तपासणीचे शिबिर भरते. व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो, भिंतीवर उंचीची पट्टी लावली जाते आणि रांगेतील प्रत्येकाचा आकडा मोठ्याने सांगून नोंदवहीत लिहिला जातो. अलीकडे या साहित्यात आणखी एका यंत्राची भर पडली आहे. त्यावर अनवाणी उभे राहिले, की काही क्षणांत शरीरात चरबी किती टक्के आहे ते पडद्यावर उमटते. विद्यार्थिनी एकमेकींचे आकडे विचारतात. जिचा आकडा कमी, तिचे कौतुक होते. जिचा जास्त, तिची थट्टा होते.

याच रांगेत एखादी विद्यार्थिनी अशी असू शकते, की जिने कित्येक महिने पोटभर जेवण घेतलेले नाही. ती गरिबीमुळे उपाशी नसते. खाण्याची आणि वजन वाढण्याची भीती तिच्या मनात घर करून बसलेली असते. या आजारांना आहारविकार म्हणतात. अत्यल्प खाऊन शरीर झिजवणे हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा, तर अनावर खाऊन नंतर उलटी, जुलाबाची औषधे किंवा कडक उपवास यांनी त्याची भरपाई करणे हा बुलिमिया नर्व्होसा होय. हे मनाचे आजार असले तरी त्यांचे परिणाम हृदय, हाडे आणि रक्तातील क्षार यांवर होतात आणि ते जीवघेणे ठरू शकतात.

अशा व्यक्तीच्या शरीरातील चरबी मोजता येते काय, मोजलेला आकडा कितपत खरा असतो आणि तो कोणाच्या हाती असावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वजन म्हणजे चरबी नव्हे

वजनाचे उंचीशी प्रमाण पाहण्याची कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३२ च्या सुमारास मांडली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला जे नाव दिले, ते आज बी.एम.आय. या लघुरूपाने सर्वत्र वापरले जाते. प्रौढ व्यक्तीचा बी.एम.आय. १८.५ पेक्षा कमी असेल तर तिचे वजन कमी मानले जाते.

हा निर्देशांक सोपा आहे, परंतु तो आंधळा आहे. वजनात स्नायू किती, हाड किती, पाणी किती आणि चरबी किती हे त्याला कळत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. निपाणीवरून जाणारा महामार्ग ज्या पुण्याला पोहोचतो, तेथील के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र आणि मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बी.एम.आय. २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. काट्याच्या हिशेबाने दोघे सारखे होते. आतून त्यांच्यात दुपटीहून अधिक फरक होता.

हा फरक जन्मापासून आढळतो. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातापोषणाच्या अभ्यासात नवजात बालकांची मापे घेण्यात आली. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याची बालके सर्वच मापांत लहान होती. त्यांच्या पोटात आणि स्नायूंत मोठी तूट होती. पण खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी, म्हणजे तेथील चरबी, त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून कृश आणि आतून चरबीयुक्त अशा या शरीररचनेचा अभ्यास पुढे मुख्यतः मधुमेहाच्या संदर्भात झाला. आहारविकाराच्या संदर्भातही तिचे महत्त्व आहे.

समजा, बारीक चणीची आणि कमी स्नायू असलेली एक विद्यार्थिनी चरबीमापक यंत्रावर उभी राहिली. तिचे वजन कमी असूनही चरबीची टक्केवारी अपेक्षेपेक्षा जास्त दिसू शकते. टक्केवारी हा भागाकार असतो. स्नायू कमी असले की चरबीचा वाटा आपोआप मोठा दिसतो. येथे खरा दोष स्नायूंच्या कमतरतेचा असतो आणि त्यावर उपाय पुरेसा, प्रथिनयुक्त आहार हा असतो. परंतु त्या मुलीला त्यातून एवढेच कळते, की 'मी बारीक दिसत असले तरी आतून जाड आहे.' ती दुसऱ्या दिवसापासून भाकरी सोडते. पोषण कमी असलेल्या मुलीला असे उपासमारीकडे ढकलणारा आकडा शिबिरातून मिळणे हा किरकोळ प्रकार नव्हे.

भाषाही येथे भर घालते. 'चरबी' हा शब्द मराठी आणि उर्दूत एकच आहे आणि दोन्ही भाषांत 'चरबी चढणे' म्हणजे माज येणे. कन्नडमधील 'कोब्बु' या शब्दालाही चरबी आणि गर्व असे दोन्ही अर्थ आहेत. सीमाभागातील तिन्ही भाषांत हा शब्द निव्वळ शरीरशास्त्राचा राहिलेला नाही, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे.

२. चरबीचे कार्य

चरबी म्हणजे निव्वळ साठलेला मेद अशी समजूत आहे. प्रत्यक्षात ती शरीराशी संवाद साधणारी पेशीजाल आहे. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधून काढले. चरबीच्या पेशी लेप्टिन स्रवतात आणि शरीरात ऊर्जेचा साठा किती आहे याचा निरोप मेंदूला देतात. चरबी फार घटली की लेप्टिन घटते. मग मेंदू काटकसर सुरू करतो. मासिक पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होते, हाडे विरळ होऊ लागतात, थंडी जास्त वाजते आणि नाडी मंदावते.

पाळी येण्यासाठी शरीरात किमान ठरावीक टक्के चरबी लागते, असा सिद्धांत रोझ फ्रिश यांनी १९७० च्या दशकात मांडला होता. पुढील अनुभवातून ही सीमारेषा प्रत्येकीची वेगळी असल्याचे दिसले. काहींची पाळी वजन फारसे न घटताच थांबते, तर काहींची बरेच घटूनही चालू राहते. म्हणूनच अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या निदान पुस्तिकेत ॲनोरेक्सियासाठी पाळी बंद असण्याची अट काढून टाकली. 'पाळी नियमित आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही' हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

३. मापनाच्या पद्धती आणि त्यांची गृहीतके

जिवंत माणसाच्या शरीरातील चरबी काढून तोलता येत नाही. प्रत्येक पद्धत दुसरे काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधते. या अंदाजामागील गृहीतके निरोगी शरीराची असतात. आहारविकारात नेमकी तीच कोसळतात.

घनतेची पद्धत : व्यक्तीला पाण्यात बुडवून तिचे वजन घेतले की शरीराची घनता कळते. चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम आणि उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम धरली जाते. विल्यम सिरी यांच्या १९६१ च्या सूत्रानुसार ४.९५ ला घनतेने भागून त्यातून ४.५ वजा करावे आणि १०० ने गुणावे. घनता १.०५ असेल तर चरबी २१.४ टक्के येते, १.०४ असेल तर २६ टक्के. घनतेत दुसऱ्या दशांश स्थानी एकाचा फरक पडला, की उत्तरात साडेचार टक्क्यांहून अधिक फरक पडतो. दीर्घ उपासमारीत हाडांतील खनिजे आणि स्नायू दोन्ही झिजतात. मग उरलेल्या शरीराची घनता १.१ धरणे योग्य ठरत नाही.

त्वचेच्या घडीची पद्धत : दंडाची पुढची आणि मागची बाजू, फऱ्याखालचा भाग आणि कमरेच्या हाडाच्या वरचा भाग अशा चार ठिकाणी त्वचा चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजतात. डर्निन आणि वुमर्सली यांनी १९७४ मध्ये ग्लासगो येथील १६ ते ७२ वर्षे वयाच्या ४८१ व्यक्तींवरून याची सूत्रे बसवली. ग्लासगोच्या शरीरावर बसवलेले सूत्र पुण्याच्या किंवा निपाणीच्या शरीराला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. अतिकृश व्यक्तीत घडी इतकी पातळ असते, की एका मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. पायांवर किंवा अंगावर सूज असेल तर घडीत पाणीच मोजले जाते. शिवाय ज्या मुलीला स्वतःच्या शरीराचा तिटकारा वाटतो, तिच्या अंगाला चिमटा लावणे हा तिच्यासाठी मोठा त्रास असतो. हे माप घ्यावेच लागले तर ते प्रशिक्षित स्त्री कर्मचाऱ्याने, आडोशाला आणि संमतीनेच घ्यावे.

विद्युतरोधाची पद्धत : शिबिरात आणि व्यायामशाळेत दिसणारे यंत्र ते हेच. पायातून अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह सोडला जातो. पाणी असलेल्या स्नायूंतून तो सहज जातो, चरबीतून अडखळतो. चरबीविरहित शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असते, हे गृहीत धरून हिशेब केला जातो. शरीर कोरडे पडले असेल तर यंत्र चरबी जास्त दाखवते. अंगात पाणी साचले असेल तर कमी दाखवते. उलट्या आणि जुलाबाची औषधे यांनी पाणी घटते, कुपोषणाच्या सुजेने ते साचते. म्हणजे ज्या रुग्णाला अचूक मापाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच बाबतीत हे यंत्र सर्वांत कमी भरवशाचे ठरते.

डेक्सा : दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि इतर ऊती वेगळ्या ओळखणारी ही तपासणी आहे. किरणोत्सर्गाचे प्रमाण अल्प असते आणि सध्या उपलब्ध पद्धतींत ती बरीच विश्वासार्ह मानली जाते. आहारविकारात तिचा खरा उपयोग हाडांची घनता पाहण्यासाठी होतो, कारण तरुण वयात झालेली हाडांची हानी पूर्णपणे भरून येईलच असे नाही. मात्र ती मोठ्या रुग्णालयातच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाची असते.

४. आकडा कसा फसवतो

१५५ सेंटिमीटर उंचीच्या एका मुलीचे वजन ४० किलो आहे असे समजू. तिचा बी.एम.आय. १६.६ येतो. २०१३ च्या निदान पुस्तिकेतील वर्गवारीनुसार ॲनोरेक्सियाची ही मध्यम तीव्रता झाली. वजनाच्या आधी तिने एक लीटर पाणी प्यायले, तर काटा ४१ किलो दाखवील, बी.एम.आय. १७.१ होईल आणि तीच मुलगी सौम्य वर्गात जाऊन बसेल. तिच्या शरीरातील चरबीत मात्र काहीही फरक पडलेला नाही. आजार लपवण्यासाठी पाणी पिऊन किंवा ओढणीआड, खिशात जड वस्तू ठेवून काट्यावर उभे राहणे हे प्रकार उपचारकांच्या परिचयाचे आहेत. असे करणारी मुलगी लबाड नसते. भीतीपोटी ती ते करते.

आता दुसरी मुलगी. उंची तीच, वजन ५२ किलो, बी.एम.आय. २१.६. शिबिरात तिच्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा पडतो. परंतु आठ महिन्यांपूर्वी तिचे वजन ७० किलो होते. चौथ्या हिश्श्याहून अधिक वजन तिने उपाशी राहून घटवले आहे. सर्वजण तिचे कौतुक करीत असताना तिची नाडी मंद झालेली असू शकते आणि रक्तातील क्षार धोकादायक पातळीला गेलेले असू शकतात. वजन सामान्य असूनही ॲनोरेक्सियाची इतर लक्षणे असणाऱ्या या स्थितीची दखल २०१३ च्या पुस्तिकेने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही वेगाने घटलेल्या वजनाला महत्त्व दिलेले आहे.

सूज वजन कसे झाकते याचा पुरावा जुना आहे. ॲन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. अनेकांच्या अंगावर सूज आली आणि प्रत्यक्ष झीज काट्यावर दिसत होती त्याहून अधिक होती. त्यांच्या मनातही बदल झाले. दिवसरात्र अन्नाचेच विचार, पाककृती गोळा करणे, ताटातील अन्न तासन्‌तास चिवडणे, एकलकोंडेपणा आणि उदासी त्यांच्यात दिसली. पोषण सुरू झाल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागाहून.

ही शेवटची गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ॲनोरेक्सियातून बऱ्या होणाऱ्या प्रौढ स्त्रियांमध्येही सुरुवातीची चरबी पोट-कमरेभोवती जमते आणि वजन टिकून राहिल्यास कालांतराने ती शरीरभर नीट वाटली जाते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर पोट सुटल्याचे पाहून रुग्ण पुन्हा जेवण सोडते. मापनाचा सर्वांत चांगला उपयोग तो हाच. त्यातून डॉक्टरला कळते, की वाढलेले वजन कशाचे आहे. आणि रुग्णाला धीर देता येतो.

५. सीमाभागातील विशेष अडचणी

निपाणी हे तंबाखूचे गाव आहे. वखारीत काम करणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या कुटुंबांतील मुली महाविद्यालयात येतात. आई कामावर, तेव्हा मुलगी जेवली की नाही हे पाहायला घरी कोणी नसते. मिश्री आणि तंबाखूने भूक मरते, हेही सर्वज्ञात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा परिस्थितीत एखादी मुलगी वाळत चालली, की 'रक्त कमी आहे', 'खाल्लेले अंगी लागत नाही' असे म्हणून विषय संपतो. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, जंत ही कारणेही असू शकतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. पण आहारविकाराची शक्यता त्यांच्या यादीत असावी.

आणखी एक गोष्ट. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की अनेक रुग्ण जाडीच्या भीतीचा उल्लेखच करीत नाहीत. पोट गच्च वाटते, भूक नाही अशी कारणे सांगतात. भारतातही असे रुग्ण आढळतात. आपल्याकडे त्यात उपवासाची भर पडते. रमजानचे रोजे असोत वा एकादशी-सोमवारचे उपवास, त्यांच्या आड न जेवणे सहज लपते. इफ्तारलाही काही न खाणारी, किंवा पारणे न करता उपवास लांबवणारी मुलगी दिसली, तर त्याकडे धार्मिक निष्ठा म्हणून पाहून चालणार नाही. आजारी व्यक्तीला रोजातून सवलत आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना माहीत असते. त्यांच्या तोंडून ते मुलीला कळले तर तिच्या मनावरील अपराधाचे ओझे कमी होते.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात भरतीची तयारी करणारे तरुण आणि कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील तालमींतील मल्ल यांना वजनाशी झगडावे लागते. अमेरिकेत १९९७ मध्ये वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मरण पावले. त्यानंतर तेथे नियम आला, की शरीरात पाणी पुरेसे असल्याची लघवीची तपासणी आधी करावी, मगच चरबी मोजावी, आणि पुरुष मल्लाला पाच टक्क्यांपेक्षा कमी चरबी राहील अशा वजनगटात उतरू देऊ नये. येथे चरबीचे माप खालची मर्यादा सांभाळण्यासाठी वापरले गेले, हे लक्षणीय आहे.

६. शिक्षकांनी काय करावे

पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक वजन-मापन बंद करावे. आवश्यक असेल तेव्हा एकेकाला आत बोलावून मापे घ्यावीत, आकडा मोठ्याने वाचू नये. चरबीमापक यंत्राला शिबिरात स्थान नसावे, कारण त्यातून निघणाऱ्या आकड्याचा अर्थ लावणारे तेथे कोणी नसते.

दुसरे असे, की आकड्यांपेक्षा खुणांकडे लक्ष द्यावे. थोड्या काळात घटलेले वजन, डबा न उघडणे किंवा वाटून टाकणे, उन्हाळ्यातही थंडी वाजणे, भोवळ येणे, केस गळणे आणि अंगावर बारीक लव येणे, जेवणानंतर लगेच स्वच्छतागृहात जाणे, बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण, अभ्यासातून उडालेले लक्ष या त्या खुणा होत. एखादी खूण दिसली म्हणजे आजार झालाच असे नाही; अनेक एकत्र दिसल्या तर विचारपूस करावी. ती करताना वजनाचा विषय काढू नये. 'हल्ली थकलेली दिसतेस, झोप लागते का?' एवढे पुरते. 'किती वाळलीस!' हे वाक्य आजारी मुलीला शाबासकीसारखे, आणि 'आता अंग धरलेस' हे शिक्षेसारखे ऐकू येते.

तिसरे, उपचाराची वाट दाखवावी. बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आणि निपाणीकरांना जवळचे कोल्हापूर येथे वैद्यकीय व मानसोपचार विभाग आहेत. केंद्र शासनाच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून कार्यरत आहे. भोवळ, छातीत धडधड किंवा अतिशय मंद नाडी असेल तर थांबू नये, रुग्णालयात न्यावे. आणि प्रेमापोटी घरच्यांनी एकदम भरपूर खाऊ घालू नये, हेही सांगावे; दीर्घ उपासानंतर अचानक भरपेट आहार दिल्यास रक्तातील फॉस्फरस झपाट्याने घसरून जिवाला धोका होतो. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवावा लागतो.

समारोप

शरीरातील चरबीचे मापन हे उपयुक्त शास्त्र आहे. परंतु आहारविकारात शरीरातील पाणी, हाड आणि स्नायू यांचे नेहमीचे प्रमाण बिघडलेले असते. त्यामुळे प्रत्येक साधनाचे उत्तर संशयाने पाहावे लागते. शिवाय ज्या समाजात बारीक शरीरातही चरबीचा वाटा मोठा निघू शकतो, तेथे तो आकडा उपाशी मुलीला आणखी उपाशी ठेवू शकतो. म्हणून हे माप डॉक्टरच्या टेबलावर, रक्ततपासणी, नाडी आणि हाडांच्या घनतेच्या जोडीने राहावे. महाविद्यालयाच्या व्हरांड्यात मात्र डब्यातले अन्न न खाता परत नेणारी मुलगी ओळखणारा एक शिक्षक असावा. तिच्याशी तो जे दोन शब्द बोलेल, त्यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.